दुसरं नाक

बाळांनो, आधी एक करून बघा. संत्र्याची एक फोड हातात घ्या. हाताशी नसली तर मनातली घ्या, तीही चालेल. आता दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी नाक घट्ट दाबा आणि फोड तोंडात टाका. चावा. गोड लागेल, थोडं आंबट लागेल, गार लागेल, पण संत्रं काही लागणार नाही. आता बोटं सोडा. आलं ना संत्रं? बरं, आता असं समजा की ती बोटं तुमची नव्हतीच. कोणीतरी तुमच्या नकळत तुमचं नाक दाबून धरलं आणि सोडायचं विसरून निघून गेलं. घाई करू नका, जरा वेळ तसेच बसा. आपल्याला ज्या बाईच्या डोक्यात जाऊन बसायचं आहे तिचं गेला महिनाभर असंच चाललं आहे, आणि तिने ते कोणालाही सांगितलेलं नाही.

ती त्या दुपारी कामावरून सुटून बसमध्ये बसली होती. पायांशी कापडी पिशवी होती आणि खिडकीतून ऊन थेट पिशवीवर येत होतं. एका थांब्यानंतर तिच्या शेजारची मुलगी उठली आणि मागे जाऊन दांडी धरून उभी राहिली. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग पुढच्या बाकावरचं जोडपं उठलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने काच सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकेना, तेव्हा त्याने रुमाल काढला. पाणी ओसरल्यावर मधला दगड उघडा पडावा तशी ती एकटी उरली आणि सगळी बस तिच्याकडे बघू लागली. मागच्या दाराशी उभा असलेला कंडक्टर तिकिटांचा गठ्ठा नाकावर धरून म्हणाला, "बाई, नाक काय घरी ठेवून आलात? या की मागे." दोघेतिघे हसले. तेव्हा कुठे तिने घाईघाईने पदर नाकाला लावला, आणि लावताना तिला कळलं की फार उशीर झाला आहे, की सगळ्यांनी तिला बघितलं आहे. बस रस्त्यात अडकली होती. बाहेर गटार उपसत होते, काळ्या गाळाचा ढीग पार चाकापर्यंत आला होता. त्याचाच वास असणार, तिने स्वतःला सांगितलं. पण मग तो मागे उभ्या असलेल्यांना का येत नव्हता? तिने पायाने पिशवी हळूच बाकाखाली ढकलली. पिशवीकडे तिने बघितलं नाही.

पिशवीत टर्कीचा खिमा होता. टर्की म्हणजे कोंबडीपेक्षा मोठा, जड, फारसा न उडणारा पक्षी. त्याच्या मांसात चरबी कमी असते, म्हणून हृदयाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला ते चालतं. तिच्या कामाच्या ठिकाणाजवळ एकच दुकान ते ठेवत असे आणि दुपारपर्यंत संपूनही जात असे, म्हणून तिने सकाळीच घेतलं होतं. दुकानदाराने बर्फ घालून दिला. एरवी असं काही आणलं तर ती कामावरच्या शीतगृहात ठेवायची, पण आज शीतगृह धुवायला काढलेलं होतं, म्हणून पिशवी तिच्या टेबलाखाली राहिली. टेबलाखाली म्हणजे कोमट पाण्याच्या टाकीला चिकटून. महिन्याभरापूर्वी अशी चूक झाली नसती. तेव्हा पिशवीनेच तिला हाक मारली असती.

आता तिचं काम काय, ते सांगतो, नाहीतर तुम्हाला पुढचं नीट कळणार नाही. ती एका दुधाच्या कारखान्यात वास घेण्याचं काम करत होती. हसू नका, असं काम असतं. दुधाचा टँकर आला की त्यातलं थोडं दूध छोट्या बाटलीत घ्यायचं, बाटली कोमट पाण्यात धरायची, झाकण उघडायचं आणि लगेच नाक लावायचं. गाईने कांद्याची पात खाल्ली असेल तर कळतं. टाकी साबणाने धुऊन नीट विसळली नसेल तर कळतं. आंबायला लागलेलं दूध जिभेला कळायच्या कितीतरी आधी नाकाला कळतं. सोबतच्या बायका तिला नाकाने कांदे सोलणारी म्हणायच्या आणि तिला ते आवडायचं. प्रत्येक नमुन्याला दोन नाकं लागतात असा तिथला नियम होता. पहिलं नाक ती, आणि दुसरं नाक म्हणजे एक जाडजूड, अबोल सहकारी, ज्याला सगळे 'दुसरं नाक' असंच म्हणत. दोघांनी आपापलं मत आधी ठरवायचं आणि मगच तोंड उघडायचं. नवीन आलेल्या पोरींना तीच समजावून सांगायची: आधी ऐकलंत तर जे ऐकलं त्याचाच वास येईल. माणसाचं नाक फार भिडस्त असतं.

तापातून उठल्यावर तिचं नाक गेलं. येईल, किंवा नाही येणार, डॉक्टर म्हणाले होते, औषध काही नाही, वाट बघा. तुम्ही विचाराल, मग तिने कारखान्यात सांगितलं का नाही? तीही स्वतःला रोज तेच विचारायची. उद्या सांगू, म्हणायची. उद्या कदाचित परत येईल, मग सांगायचीही गरज नाही. तोपर्यंत ती बाटलीला नाक लावायची, आत कोमट हवा शिरलेली तिला जाणवायची, आणि पापण्यांच्या आडून ती दुसऱ्या नाकाची भुवई बघायची. ती उजवी भुवई थोडी वर गेली की दूध वाईट. एका महिन्यात ती भुवई तिला स्वतःच्या तळहातापेक्षा ओळखीची झाली होती. ज्या दिवशी तो रजेवर असेल त्या दिवसाचा विचार ती करत नसे. आणि कधी कधी, बाटली नाकाशी धरलेली असताना, तिला वाटायचं की तोही तिचीच भुवई बघतोय, दोघेही एकमेकांकडे बघतायत आणि मध्ये ते पांढरं दूध कोणीच हुंगत नाही.

घरी आली तेव्हा आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. हे तिचे सासरे, पण मुलगी आजोबा म्हणते म्हणून तीही म्हणायची. जन्मभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवलेला माणूस. छाती उघडून शिवल्यापासून सदरा अंगात दुसऱ्याचा असावा असा दिसत होता. त्यांची भूक गेली होती. घास तोंडात घेऊन इकडून तिकडे फिरवत बसायचे, गिळायला विसरायचे, मग हळूच रुमालात काढून ठेवायचे. नळाखाली भांडं विसळून तेच पाणी आपल्याला सूप म्हणून देतात असं त्यांचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असंच चाललं तर टाके भरायचे नाहीत, अंगात काही राहायचं नाही. आणि परवा आजोबा स्वतःहून म्हणाले होते की महामार्गावरच्या ढाब्याला मिळायचा तसा एक बर्गर द्या, बघा खातो की नाही. तसला बर्गर देणं म्हणजे विष देणं. तेव्हा तिने ही दुसरी तऱ्हा शोधून काढली होती. भूमध्य समुद्राच्या काठचे लोक करतात तशी: टर्कीचा खिमा, लोण्याऐवजी ऑलिव्हचं तेल, मिठाऐवजी लिंबू आणि हिरवा पाला.

"टर्की म्हणजे कोण?" आजोबांनी विचारलं.

"कोंबडीसारखाच पक्षी. जरा मोठा."

"म्हणजे कोंबडीची थोरली जाऊ म्हण की." ते स्वतःच हसले, हसताना छातीवर उशी दाबून धरली. "कर सूनबाई. आज पोटात काहीतरी कुरकुरतंय खरं."

ती स्वयंपाकघरात आली आणि पिशवी ओट्यावर ठेवली. बर्फाचं पाणी झालेलं होतं आणि ते पाणीही गार नव्हतं. तिने पुडकं उघडलं. वरून फिकट गुलाबी, आत जरा करडं. पण खिमा आत करडा असतोच, त्याला हवा लागत नाही. बोटांना चिकटत होता. टर्की चिकटतेच. तिने वाकून नाक लावलं, कपाळाची शीर दुखेपर्यंत श्वास ओढला. काही नाही. भिंतीला नाक लावावं तसं. तिला एकदम लहानपणची एक विहीर आठवली, जिच्यात ती दगड टाकायची आणि वाट बघायची, आणि एक दिवस दगड टाकला तर आवाजच आला नाही. आईने नंतर सांगितलं की खाली गाळ साचलाय. पण त्या दिवशी ती काठावर कितीतरी वेळ उभी होती, दगड अजून पडतोच आहे असं वाटून. टाकून द्यावं, तिने मनाशी म्हटलं. मग बाहेरून आजोबांचा आवाज आला, ते नातीला, मुंगीला, विचारत होते की काकडी चिरायला घेतली का, भूक लागलीय. भूक लागलीय. हे शब्द ह्या घरात किती दिवसांत कोणी म्हटले नव्हते. आणि टाकून दिलं तर का टाकलं ते सांगावं लागणार. वास येत होता म्हणावं तर मुंगीही इथेच आहे, तिला नाक आहे. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर गेलेला, रात्रीशिवाय यायचा नाही. आजोबांना तर ऑपरेशनपासून सगळ्यालाच औषधाचा वास येत होता.

मुंगी म्हणजे तिची मुलगी. गोडाच्या डब्याचं झाकण कितीही घट्ट लावा, ही तिथे पोचायची, म्हणून मुंगी. ती तीन वर्षांची असल्यापासून मायलेकींचा एक खेळ होता. वाट्यांमध्ये काहीबाही ठेवायचं, वर फडकं टाकायचं, मुंगीने डोळे मिटायचे, हात मागे बांधायचे आणि नुसत्या वासावर ओळखायचं. जिरं, साबणाचा तुकडा, ओली माती, बाबांची टोपी. चुकली की आई सांगायची, आणि आई सांगेल ते खरं, हा खेळाचा शेवटचा नियम. घरात सगळ्यांनीच तो मानला होता. दूध, डाळ, कालची भाजी, ओले राहिलेले कपडे, सगळं तिच्या नाकापुढे यायचं आणि तिने मान हलवली की विषय संपायचा.

तिने मुंगीला हाक मारली. आवाज सहज ठेवला, गाणं म्हणायच्या आधी घसा साफ करावा तसा. "ये गं, मला मदत कर. मस्त ताजं मिळालंय बघ आज. घे वास."

मुंगीने डोळे मिटले, हात मागे बांधले आणि वाकली. मग डोळे उघडून तिने आधी आईकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली.

आईच्या छातीवरचा दगड उतरला. तिने मुंगीच्या केसांवरून मनगट फिरवलं, हात खिम्याचे होते म्हणून. मग ती कामाला लागली आणि काम चांगलं चाललं. कांदा किसून, फडक्यात घट्ट पिळून. सुकवलेले टोमॅटो बारीक चिरून. खारवलेलं पांढरं चीज पाण्यात भिजवून ठेवलं होतं, मीठ जावं म्हणून, ते कुस्करून. कोथिंबिरीच्या चुलत बहिणीसारखी दिसणारी पार्सली, पुदिना, लिंबाची साल किसून, तपकिरी पावाचा चुरा. लसणाच्या पाकळ्या तिने ठेचल्या, आणि मग आणखी ठेचल्या, आणि हात थांबेना. कांद्याची पात खाल्लेल्या गाईचं दूध आंबट झालं तरी पटकन कळत नाही, पात सगळ्यावर पांघरूण घालते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी ती ठेचत राहिली. ओल्या हातांनी तिने टिक्क्या वळल्या, प्रत्येकीच्या मधोमध अंगठ्याने खळगा केला, म्हणजे भाजताना फुगून फुटत नाहीत. पॅनमध्ये तेल तापलं, टिक्की पडली, चर्र झालं. आवाज होता, वाफ होती, कडेने सोनेरी रंग चढत होता. तिला आठवलं की ह्या क्षणाला पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं. आता ती काचेपलीकडून कोणाचा तरी स्वयंपाक बघत होती. टिक्की आतपर्यंत शिजली, पाणी स्वच्छ निघालं. शिजवल्याने जंतू मरतात. मरण्याआधी त्यांनी जे मागे सोडलेलं असतं ते मरत नाही, हेही ती पोरींना शिकवायची. पण मुंगी छान म्हणाली होती.

ताटल्या मांडल्या. पाव, वर टिक्की, वर टांगलेल्या दह्यात काकडी आणि पुदिना. आजोबांनी बर्गर दोन्ही हातांत धरला, ट्रकचं चाक वळवणाऱ्या त्या हातांत, आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी ढाब्याची गोष्ट काढली, पावसात ट्रक कसा रुतला आणि ढाबेवाल्याने कसं फुकट खायला घातलं, नेहमीची. ती हसत ऐकत होती. हसता हसता तिचं लक्ष मुंगीकडे गेलं. मुंगीने टिक्की पावातून काढून ताटलीच्या कडेला ठेवली होती आणि ती नुसती काकडी खात होती, एकेक चकती, अगदी सावकाश. खा ना, ती म्हणाली. मुंगी म्हणाली भूक नाही. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "खाते." आणि टिक्कीचा एक तुकडा मोडला, हातात धरला, आणि श्वास रोखला. छातीत भरलेला श्वास तसाच ठेवून तिने तोंड उघडलं.

तो रोखलेला श्वास बघून आई हसायची थांबली. हा श्वास तिने बघितला होता. गेल्या आठवड्यात सकाळी मुंगी दुधाचा पेला घेऊन तिच्याकडे आली होती, आई हे बघ म्हणून. तिने पेल्याला नाक लावलं, सवयीने मान हलवली, चांगलं आहे पी म्हणाली आणि वेणी घालू लागली. मुंगी उभीच राहिली. पेल्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग छाती भरून श्वास रोखून एका दमात सगळं प्याली. दुपारी शाळेतून फोन आला, मुलगी ओकतेय, घेऊन जा. रस्ताभर ती मुंगीला बोलत होती, काय खाल्लंस बाहेरचं, खरं सांग, कोणाकडचं खाल्लंस. मुंगीने दुधाचं नाव काढलं नाही. आई सांगेल ते खरं, तेव्हा खोटं असलंच तर मुंगीचं नाक. आणि त्याआधी? मऊ पडलेलं ते फळ? डब्यातली ती उसळ, जी डबा धुताना बोटांना बुळबुळीत लागली होती? किती वेळा ह्या पोरीने श्वास रोखून आपला शब्द गिळला होता? आणि आज. मस्त ताजं मिळालंय, आपण आधी म्हणालो. पहिल्या नाकाने आधीच तोंड उघडलं. मुंगीने वास घेतला आणि मग वर बघितलं, भुवई बघायला.

समोर आजोबांनी घास घेतला होता. मोठा, दोन्ही गाल भरतील असा. डोळे मिटून ते चावत होते, घास इकडून तिकडे फिरवत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सुख होतं जे ह्या घराने कित्येक दिवसांत बघितलं नव्हतं.

तिने मुंगीच्या हातावर हात ठेवला. तुकडा ताटलीत पडला. बोलायला तोंड उघडलं तर आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तसा आला, खूप हळू.

"मुंगे, मला वास येत नाही. ताप आला होता ना, तेव्हापासून. कशाचाच नाही. मी तुला खोटं सांगत होते."

आजोबांचा जबडा अर्ध्यात थांबला, ते कोणाकडेही न बघता बसून राहिले, गाल भरलेला, जणू त्यांना कोणीतरी परवानगी द्यायची होती. मुंगी आईकडे बघत होती. आईला वाटलं आता ही रडेल, किंवा विचारेल की दूधसुद्धा का.

मुलांनो, आता बघा मुंगीने काय केलं. ती रडली नाही आणि तिने काही विचारलं नाही. ती खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आजोबांपाशी गेली. डोळे मिटले, हात मागे बांधले, आणि त्यांच्या हातातल्या बर्गरवर वाकून तिने एक लांब, सावकाश श्वास घेतला. डोळे उघडल्यावर ह्या वेळी तिने आईच्या तोंडाकडे बघितलं नाही. तिने हात पुढे घेतले, लहान बाळाच्या तोंडाखाली धरतात तशी ओंजळ करून आजोबांच्या हनुवटीखाली धरली, आणि म्हणाली,

"आजोबा, थुंका."